जुनी बीएसए दान करायची आहे. कुणाला आणि कशी?

किकस्टार्ट

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज धागा काढतोय, सांभाळून घ्या.

काका गेल्या वर्षी गेले. त्यांची मोटारसायकल आहे, बीएसए या ब्रिटिश कंपनीची एम२०, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली लष्करी गाडी. तरुणपणी घेतली, शरीर साथ देत होतं तोवर चालवली, मग शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी राहिली. काकूंचं म्हणणं एवढंच आहे की "ती विकून आलेला पैसा घरात नको. कुठल्यातरी चांगल्या कामाला लागू दे." चुलतभावंडांपैकी कुणी ती सांभाळेल असं दिसत नाही आणि माझ्याकडे ठेवायला जागा नाही.

अवस्था अशी: इंजिन जाम नाही, किकला कॉम्प्रेशन लागतं. स्पार्क नाही. टाकी आतून गंजलेली. टायर फुटलेले. काकांनी कधीतरी वरून काळा रंग मारून घेतला होता, त्याचे पोपडे निघालेत आणि खाली हिरवट-खाकी दिसतोय. कागदपत्रं आहेत, पण सगळी काकांच्या नावावर. शिवाय काकांची दुरुस्तीची वही आहे. केव्हा काय उघडलं, काय बदललं, कुठला भाग कुठून आणला, सगळं तारीखवार.

डोक्यात चार जागा आहेत. वाहनांचं एखादं संग्रहालय, काकू जिथे मदत करतात ती वृद्धांची संस्था, मोटार मेकॅनिक घडवणारं प्रशिक्षण केंद्र, नाहीतर मदतनिधीसाठी होणारा लिलाव. कुणी असं काही केलंय का? आणि देण्याआधी गाडी दुरुस्त करून, नवा रंग मारून द्यावी का? पाहुण्याच्या हातात मळकी वस्तू ठेवल्यासारखं वाटतं, म्हणून विचारतोय.

दुचाकीवेडा

एम२०! आणि धाग्यात एकही फोटो नाही!! हा सरळसरळ अन्याय आहे. आधी फोटो टाका, मग दानधर्माचं बघू.

मॅग्नेटो

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे घाई झाली तर ती मागे फिरवता येत नाही. रंगवू नका. पॉलिश नको, क्रोम नको, वाळूचा मारा करून रंग उडवायचं, म्हणजे सँडब्लास्टिंगचं, तर नावही काढू नका.

काळ्याखाली जो हिरवट थर दिसतोय तो लष्कराचा मूळ रंग असू शकतो. ब्रिटिश लष्कराच्या मोटारसायकलींच्या टाकीवर 'सी' अक्षराने सुरू होणारा क्रमांक रंगवलेला असे. काळा थर हलक्या हाताने, अगदी सावकाश काढला तर तो कधीकधी खाली शाबूत सापडतो. ब्लास्टिंगवाल्याकडे टाकी दिलीत की काळ्याबरोबर तोही गेला. जुन्या वाहनांची जागतिक संघटना 'फिवा' हिने ट्युरिन चार्टर म्हणून एक मसुदा स्वीकारलाय, त्याचा कल हाच आहे: जे टिकलंय ते आधी जपा, नवंकोरं करण्याचा विचार सर्वात शेवटी. शिवाय हिशेब बघा. चांगल्या पुनर्बांधणीला जो खर्च येतो तो अशा गाडीच्या वाढलेल्या किमतीतून क्वचितच भरून निघतो. तेवढे पैसे संस्थेलाच द्या की.

आता गाडीबद्दल. ४९६ सीसी, एक सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह (म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला), ताकद जेमतेम १३ अश्वशक्ती. वेग नाही, पण चिखलातून निघेल आणि अडाण्याच्या हातूनही दुरुस्त होईल अशी बांधणी. युद्धासाठी १,२६,००० हून जास्त बनल्या. युद्ध संपल्यावर लष्कराने त्या ढिगाने विकल्या आणि जगभर पोचल्या. म्हणून आवडती असली तरी दुर्मिळ नाही. हे दान देताना महत्त्वाचं ठरणार आहे, बघाच.

इंजिन क्रमांक आणि फ्रेम क्रमांक दोन्हींचे स्वच्छ फोटो काढा. कागदांशी ताडून पाहा. दोन्ही एकमेकांशी जुळले नाहीत तर घाबरू नका. लष्करी वर्कशॉपमध्ये इंजिनं सर्रास अदलाबदल व्हायची, त्यामुळे क्रमांक न जुळणं म्हणजे लबाडी नव्हे. कागदावर एक आणि गाडीवर दुसरा असं असेल तर मात्र ते आधी निस्तरावं लागेल.

आणि हौसेने किक मारत बसू नका. या गाड्यांना तेलाची टाकी वेगळी असते. गाडी बरीच वर्षं उभी राहिली की ते तेल पाझरून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पेटीत, साचतं. ते आधी काढा. टाकीतलं जुनं पेट्रोलही काढून टाका. ब्रेकच्या ड्रममधली धूळ काँप्रेसरने उडवू नका, त्या काळच्या लायनिंगमध्ये फुप्फुसांना घातक असं ॲस्बेस्टॉस असायचं.

दुचाकीवेडा

मॅग्नेटोभाऊंना दंडवत. प्रतिसाद वाचनखुणेत टाकलाय.

माझं मत: काहीही करा, संस्थेला देऊ नका. वृद्धाश्रमातले लोक तिला भंगारात घालतील.

रेवा_स

@दुचाकीवेडा, भंगारात घालतील हे जरा जास्त झालं, पण मुद्दा अगदीच चुकीचा नाही. मी एका छोट्या संस्थेचं काम बघते, म्हणून दारापलीकडची बाजू सांगते.

आमच्याकडे वस्तू येतात. पलंग, शिवणयंत्रं, पियानोसुद्धा आला होता. नाही म्हणणं फार अवघड जातं, कारण देणारा माणूस हळवा झालेला असतो आणि उद्या तोच पैशाची मदतही करणार असतो. मोटारसायकल आली की संस्थेला ती नावावर करून घ्यावी लागते, पावसापासून वाचवावी लागते, हिशेबात दाखवावी लागते, आणि कुणीतरी गिऱ्हाईक शोधावं लागतं. आमच्यापैकी कुणाला एम२० ची किंमत कळणार? पहिला जो येईल आणि रोख देतो म्हणेल त्याला देऊन आम्ही सुटकेचा निःश्वास टाकू. तो ती व्यवस्थित जुळवून पुढे विकणार. म्हणजे काकूंच्या दानातला मोठा वाटा एका व्यापाऱ्याला मिळाला. यात कुणीच वाईट वागलेलं नसतं, हे विशेष.

गाडी घरून उचलून नेतो, विकून पैसे अमुक कार्याला देतो असं सांगणारे मध्यस्थही काही देशांत असतात. तिथे एकच विचारायचं: विक्रीतले किती संस्थेपर्यंत पोचतात आणि ते लेखी द्याल का? उत्तर गोलगोल आलं तर फोन ठेवून द्या.

म्हणून माझं म्हणणं, योग्य किमतीला तुम्ही विका आणि पैसे संस्थेला द्या. तुमचा एक महिना त्रासाचा जाईल, संस्थेचं एक वर्ष वाचेल.

किकस्टार्ट

रेवाताई, पटतंय. पण 'विकायची' म्हटलं की काकूंचा चेहरा उतरतो. त्यांना वाटतं आपण काकांच्या वस्तूचा सौदा केला.

रेवा_स

मग त्यांना हेच विचारा की द्यायचं काय आहे. गाडी द्यायची आहे की गाडीचं मोल द्यायचं आहे? दोन्हींची दारं वेगळी आहेत. वृद्धांच्या संस्थेला गाडीचा उपयोग नाही, मोलाचा आहे. संग्रहालयाला मोल नको, गाडी हवी असेल तर हवी. लोक एकाच दानात दोन्ही साधायला जातात आणि घोळ होतो.

हिशेबनीस

कराचं कुणी विचारलं नाही, पण विचारणार हे नक्की, म्हणून आधीच. आपले सभासद बऱ्याच देशांत आहेत आणि नियम एकसारखे नाहीत.

भारतात दानावर आयकरात मिळणारी, आपण जिला ८०जीची वजावट म्हणतो ती फक्त पैशाच्या दानाला मिळते. गाडी, धान्य, कपडे, काहीही वस्तुरूपाने दिलं की वजावट शून्य. रोख दिलेत तर २,००० रुपयांच्या वरचं दान धरत नाहीत. नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावट तशीही मिळत नाही.

ब्रिटनमध्ये 'गिफ्ट एड' हीसुद्धा पैशाच्या दानावरची सोय आहे. वस्तू असेल तर संस्था ती तुमच्या वतीने विकते आणि विक्रीचे पैसे तुम्ही दान केले असं कागदोपत्री होतं, तेव्हा ती लागू पडते.

अमेरिकेत वाहन देता येतं, पण २००५ पासून तिथे नियम कडक झाला. पूर्वी लोक खटाऱ्याची किंमत पुस्तकातून बघून वाटेल ती वजावट घ्यायचे. आता ५०० डॉलरच्या वर वजावट मागायची असेल तर संस्थेने गाडी विकून जितके आले तितकीच मिळते, आणि तसा १०९८-सी हा फॉर्म संस्था देते. बाजारभाव धरायला मोजके अपवाद आहेत: संस्था ती गाडी खरोखर आपल्या कामात वापरणार असेल, तिच्यात मोठी सुधारणा करणार असेल, किंवा गरजूला फार कमी किमतीत देणार असेल तर. अशी बाजारभावाची मागणी ५,००० डॉलरच्या वर गेली की पात्र मूल्यांकनकाराचा अहवाल लागतो.

जुन्या गाडीला याचा फटका कसा बसतो ते रेवाताईंच्या गोष्टीत आलंच आहे. संस्थेने घाईत स्वस्तात विकली तर तुमची वजावटही तितकीच.

आणखी एक. 'गिऱ्हाइकाने पैसे थेट संस्थेच्या खात्यात भरावेत' असं कुणी सुचवेल. भावनेच्या दृष्टीने छान वाटतं, पण मग पावती गिऱ्हाइकाच्या नावाने फाटू शकते. पैसे काकूंच्या खात्यातून संस्थेकडे गेलेले बरे.

संग्रहपाल

संग्रहालयात काम करतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

लोकांना वाटतं की जुनी वस्तू दिली म्हणजे संग्रहालय हात जोडून घेणार. प्रत्यक्षात आमचा पहिला प्रश्न असतो, "आमच्याकडे ही आहे का?" एम२० च्या बाबतीत वाहनांच्या बहुतेक जुन्या संग्रहांत उत्तर 'हो' असण्याची शक्यता मोठी. मॅग्नेटो यांनी आकडा दिलाच आहे. दुसरी घ्यायची तर जागा, देखभाल, नोंदी सगळं दुप्पट, आणि बघणाऱ्याला नवं काहीच नाही.

समजा घेतली. तरी ती कायम दालनात राहील याची हमी कुणी देणार नाही. जवळपास प्रत्येक संग्रहालयात दिसतं त्यापेक्षा कितीतरी जास्त साठवणीत असतं. 'नेहमी प्रदर्शनात ठेवावी, काकांच्या नावाची पाटी असावी, कधीही विकू नये' अशा अटींचं दानपत्र आम्ही सहसा स्वीकारतच नाही, कारण आमच्यानंतर येणाऱ्या माणसाचे हात बांधायचा आम्हाला अधिकार नसतो. एक अट मात्र बरेचजण मान्य करतात: पुढे कधी संग्रहातून काढायची वेळ आली तर आधी दात्याच्या कुटुंबाला विचारावं. ती जरूर घाला. संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेची, म्हणजे आयकॉमची, नीतिसंहिता सांगते की संग्रहातून काढलेल्या वस्तूचे पैसे संग्रहासाठीच वापरावेत, एरवीच्या खर्चाला नव्हे. तुम्ही निवडलेलं संग्रहालय हे पाळतं का, हे खुशाल विचारा, आम्हाला राग येत नाही.

'देत नाही, कायमची उसनी ठेवतो' हा पर्याय लोकांना फार आवडतो. आम्हाला अजिबात नाही. विमा, जबाबदारी, वारसांचे वाद, सगळं आमच्या गळ्यात आणि वस्तू मात्र तुमची.

आणि गाडी आमच्याकडे आली की ती उभी राहणार. पेट्रोल, तेल काढून टाकायचं, बॅटरी काढायची, चाकांवरचा भार कमी करायचा. काकांच्या गाडीचा आवाज पुन्हा ऐकायला मिळावा अशी काकूंची इच्छा असेल तर संग्रहालय हे चुकीचं ठिकाण.

तुमच्या पोस्टमध्ये मला सर्वात जास्त रस कशात वाटला सांगू? त्या वहीत. गाड्या पुष्कळ आहेत. एका सामान्य माणसाने एकच गाडी कशी जगवली, सुटे भाग मिळत नसताना काय जुगाड केला, याची तारीखवार नोंद फार कमी सापडते.

पानगळ

प्रश्न विचारायचेच तर आगीबद्दलही विचारा. बर्मिंगहॅमजवळच्या नॅशनल मोटरसायकल म्युझियमला सप्टेंबर २००३ मध्ये आग लागली आणि शेकडो गाड्या होरपळल्या. त्यांनी नंतर चिकाटीने पुष्कळशा पुन्हा उभ्या केल्या. ऑस्ट्रियातल्या टॉप माउंटन संग्रहालयाचं जानेवारी २०२१ मध्ये तेच झालं, दोनशेच्या वर गाड्या गेल्या, त्यात इतरांनी विश्वासाने ठेवायला दिलेल्याही होत्या.

आणि संग्रहालय म्हणजे अमर संस्था असा समज असेल तर तोही काढून टाका. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या अनामोसा गावातलं राष्ट्रीय मोटरसायकल संग्रहालय २०२३ मध्ये बंद झालं. स्वतःच्या मालकीच्या गाड्या लिलावात गेल्या.

दुचाकीवेडा

वाचून रडू आलं. शेकडो गाड्या!

बरं, मग लिलावच करा की. पोपने आपली हार्ली विकली होती ना? किती आले होते बघा.

पानगळ

२०१३ मध्ये हार्ली-डेव्हिडसन कंपनीच्या ११० व्या वर्षानिमित्त पोप फ्रान्सिस यांना तिची डायना सुपर ग्लाइड ही गाडी भेट मिळाली होती. त्यांनी टाकीवर सही केली आणि दान केली. फेब्रुवारी २०१४ मध्ये पॅरिसला बॉनहॅम्सच्या लिलावात अंदाज होता १२ ते १५ हजार युरो, बोली गेली २,४१,५०० युरोवर. पैसे रोमच्या कारितास या कॅथलिक सेवाभावी संस्थेला, तिथल्या मध्यवर्ती स्थानकाजवळच्या बेघरांच्या निवाऱ्यासाठी आणि अन्नछत्रासाठी.

पण दुचाकीवेडाशेठ, त्यात गाडीची किंमत अंदाजाएवढीच होती. वरचं सगळं सहीचं. काकांची सही कितीही सुंदर असली तरी... समजून घ्या.

हिशेबनीस

सहमत. लिलावात जायचंच तर दोन गोष्टी आधी विचारा. विक्रेत्याकडून किती टक्के कापणार आणि दानासाठीची वस्तू म्हणून त्यात सूट देणार का. पुष्कळ लिलावगृहं देतात, पण न विचारता कुणी देत नाही. आणि राखीव किंमत (जिच्याखाली विकायची नाही ती) ठेवा, नाहीतर पावसाळी दिवशी चार टाळकी जमली की गाडी मातीमोल जाते.

अनुस्वार

मोटारसायकलवर काम करणाऱ्या संस्थांना देता येणार नाही का? आफ्रिकेत आरोग्यसेवकांना गाड्या पुरवणारी एक संस्था होती असं आठवतंय.

मॅग्नेटो

रायडर्स फॉर हेल्थ. त्यांचा सगळा भर गाडी बंद पडूच नये यावर होता. ठरल्या वेळेला देखभाल, ठरल्या वेळेला भाग बदलायचा, तो खराब झाला असो वा नसो. अशा कामाला ऐंशी वर्षांची गाडी देणं म्हणजे मदत नव्हे, संकट. त्यांच्यासाठी शर्यतींच्या मैदानावर नामवंत स्वारांच्या वस्तूंचे लिलाव व्हायचे, म्हणजे तिथेही वस्तूचं मोलच पोचायचं. रेवाताईंचा मुद्दा फिरून तिथेच येतो.

फिटरमास्तर

प्रशिक्षण केंद्राचा विषय निघालाय म्हणून लिहितो. मी असल्याच केंद्रात शिकवतो. कृपया देऊ नका.

मला स्वतःला ती हवी आहे, हा भाग वेगळा. साइड व्हॉल्व्ह इंजिनसारखं शिकवायला दुसरं काही नाही. हेड काढलं की पिस्टन आणि व्हॉल्व्ह दोन्ही डोळ्यांसमोर, कॅमचं टायमिंग बोटाने दाखवता येतं, स्पार्क कुठे जन्मतो ते मॅग्नेटोवर हाताने फिरवून समजतं. पण माझ्या पोरांना उद्या नोकरीत फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर बघायचे आहेत. बीएसए उघडायला पहिले काही दिवस झुंबड उडेल, मग ती कोपऱ्यात जाईल.

आणि ब्रिटिश आटे! या गाडीचे नट व्हिटवर्थ आणि सायकल थ्रेड या जुन्या इंची मापांचे. पोरं हाताला येईल तो मिलिमीटरचा पाना लावणार आणि नटांचे कोपरे गोल करून ठेवणार. एका वर्षात अर्धे नट आणि मॅग्डायनोचे (मॅग्नेटो आणि डायनामो एकत्र असलेला भाग) लहानसहान तुकडे गायब. मुद्दाम नव्हे, शिकताना तसं होतंच. शिकायला सर्रास मिळणारं, भाग तुटला तर उद्या आणता येईल असं इंजिन द्या. त्यात पोरांचं जास्त भलं आहे.

दुचाकीवेडा

मास्तर, पण जुन्या गाड्या दुरुस्त करणारे हात पुढे कुठून येणार? सगळ्यांनीच सेन्सर शिकला तर?

फिटरमास्तर

येतील, पण वर्गातून नाही. जुन्या गाड्यांच्या क्लबांतून येतील. तिथे एखाद्या म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली दोन पोरं बसवा, गाडी क्लबच्या मालकीची ठेवा, मग मी स्वतः रविवारी येऊन शिकवीन. फुकट.

कायदेकानू

मध्येच कोरडं बोलतो. गाडी काकांच्या नावावर आहे, काका हयात नाहीत. मग ती द्यायचा अधिकार आज कुणाला? एकट्या काकूंना की मुलांनाही? हे देशानुसार आणि मृत्युपत्रानुसार बदलतं. तेव्हा आधी वारसाच्या नावावर करा, बाकी वारसांची लेखी संमती घ्या, आणि मगच पुढे द्या. ही पायरी गाळून दिलेल्या गाड्या संस्थेच्या आवारात कागदांअभावी वर्षानुवर्षं सडतात. 'आत्ता कुणाला नकोय' हे वाक्य घरात ऐकू येतंय तोवरच सह्या घ्या. वर्तमानपत्रात एखाद्या बीएसएला किती आले हे छापून आलं की सगळ्यांनाच काकांची आठवण दाटून येते.

नावावरची नोंद सरकारदरबारी बदलेपर्यंत गाडी तुमची जबाबदारी आहे, ती कुणाच्या का शेडमध्ये असेना. ताबा दिल्याची तारीख-वेळ लिहिलेली पोच घ्या. भारतात असाल तर २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीची वेगळी मालिका आहे. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, देखभाल एवढ्यासाठीच. घेणाऱ्याला हे ठाऊक असू द्या, नाहीतर तो दुधाच्या किटल्या लावायला नेईल.

अनुस्वार

सगळेजण गाडी घरातून बाहेर काढायच्या मागे लागलेत. ती घरात ठेवूनही चांगल्या कामाला लावता येईल की. 'डिस्टिंग्विश्ड जंटलमन्स राइड' ऐकलंय? २०१२ मध्ये सिडनीत सुरू झाली. लोक सूटबूट घालून जुन्या धाटणीच्या गाड्या काढतात आणि प्रोस्टेट कर्करोग व पुरुषांच्या मानसिक आरोग्यासाठी निधी जमवतात. आता जगभर शेकडो शहरांत होते. गाडी एकदाच विकली जाते, पण दरवर्षी पळाली तर दरवर्षी कमावते.

रेवा_स

कल्पना गोड आहे. पण त्यासाठी गाडी पळती हवी, पळवणारा हवा, आणि किकस्टार्ट यांच्याकडे जागाच नाही हे धाग्याचं मूळ दुखणं आहे.

मॅग्नेटो

यात एक वाट निघते मात्र. अशी राइड करणाऱ्या, किंवा निदान गाडी चालती ठेवणाऱ्या माणसाला विका. सर्वात मोठी बोली लावणाऱ्यालाच द्यायला हवी असा काही नियम नाही. थोडे कमी पैसे घ्या, पण घेणारा ती सुटी करून भाग विकणारा नसावा एवढं बघा. एम२० च्या सुट्या भागांना गिऱ्हाईक खूप आहे, आणि काही वेळा गाडीपेक्षा तिचे तुकडे जास्त कमावतात.

क्लबमधल्या जाणत्याला बोलावून लेखी मूल्यांकन घ्या. इंटरनेटवर कुणी किती मागतोय ते धरू नका. मागितलेली किंमत कुणीही छापतं, मिळालेली किंमत बघा.

किकस्टार्ट

मंडळी, उशिराने लिहितोय, मध्ये बरीच पळापळ झाली.

'गाडी द्यायची की मोल द्यायचं' हा रेवाताईंचा प्रश्न काकूंना जसाच्या तसा विचारला. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "गाडी रस्त्यावर दिसली पाहिजे आणि पैसे म्हाताऱ्यांना गेले पाहिजेत. आता कसं करायचं ते तू बघ." म्हणजे दोन्ही! पण निदान 'विकणं' या गोष्टीवरचा त्यांचा राग गेला.

एका संग्रहालयाला फोटो आणि वहीची काही पानं पाठवली होती. संग्रहपाल म्हणाले तसंच झालं. गाडी नको, त्यांच्याकडे दोन आहेत. वही मात्र मागितलीय, आणि काकांचे गाडीवरचे फोटोही.

कायदेकानूंनी घाबरवल्यामुळे चुलतभावंडांच्या सह्या आधी घेतल्या. एकाने "किती येतील साधारण?" असं विचारलंच, पण सही केली. गाडी काकूंच्या नावावर व्हायला टाकलीय. जुन्या गाड्यांच्या क्लबमधले एक गृहस्थ येऊन बघून गेले. त्यांनी काळ्या रंगाचा एक कोपरा हाताने खरवडला आणि खाली खरंच एक 'सी' आणि दोन आकडे निघाले! फोटो टाकतो, दुचाकीवेडा यांनी शांत व्हावं. क्लबच्याच एका सभासदाला ती चालती करून वापरायची आहे. किंमत मूल्यांकनाप्रमाणे. पैसे काकूंच्या खात्यात आणि तिथून संस्थेला.

आता फक्त वहीचं ठरायचंय. संग्रहालयाला देऊन टाकू ना?

मॅग्नेटो

थांबा! वही गाडीबरोबर जाऊ द्या. तो या गाडीचा जन्मभराचा दाखला आहे. पुढच्या मालकाला मॅग्नेटोचं वाइंडिंग शेवटचं कधी भरलं, पिस्टन कुठल्या ओव्हरसाइझचा, म्हणजे मूळ मापापेक्षा किती मोठा आहे, हे त्या वहीतूनच कळणार. संग्रहालयाला उत्तम स्कॅन द्या.

संग्रहपाल

नम्रपणे असहमत. स्कॅन मालकाला द्या. पिस्टनचा ओव्हरसाइझ स्कॅनमधूनही वाचता येतो. कागद मात्र गॅरेजमध्ये ग्रीस लागून, दोन मालकांनंतर हरवतो. गाडी पुढे पुन्हा विकली जाणार हे धरून चला, तेव्हा वही बरोबर जाईलच याची खात्री कोण देतो?

मॅग्नेटो

आणि साठवणीत गेलेली वही कोण उघडतो?

संग्रहपाल

मागणारा उघडतो. नोंदवहीत क्रमांक असतो, कुणीही अर्ज करून बघू शकतो. गॅरेजमधल्या वहीसाठी असा अर्ज कुठे करायचा?

रेवा_स

दोघेही जरा दमाने. वही काकूंची आहे, त्यांना विचारा. त्यांना ती स्वतःजवळच ठेवायची असेल, हे तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं का?

किकस्टार्ट

विचारलं. "मी असेपर्यंत माझ्याकडे, नंतर संग्रहालयाला" असं त्या म्हणाल्या. संग्रहालयाला तसं लेखी कळवतोय आणि स्कॅन दोघांना देतोय. मॅग्नेटोभाऊ, स्कॅन करताना शिलाई उसवू नये म्हणून काय करावं तेवढं सांगा, पानं फार ठिसूळ झालीत.

मॅग्नेटो

सपाट दाबून स्कॅनर वापरू नका. वही अर्धवटच उघडा, दोन्ही बाजूंना उशी किंवा घडी केलेला टॉवेल ठेवा म्हणजे शिलाईवर ताण येत नाही, आणि वरून कॅमेऱ्याने फोटो घ्या. खिडकीचा उजेड, फ्लॅश बंद. कोरी पानंही घ्या, मधेच काहीतरी खरडलेलं असतं. मुखपृष्ठ आणि आतल्या चिठ्ठ्या विसरू नका.

दुचाकीवेडा

आणि त्या 'सी'चा फोटो अजून आलेला नाही हे नमूद करतो.